सतरा नंबरची पाठ

त्वचेचे आजार ओळखायला शिकायचं असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे आजाराचं नाव घ्यायचं नाही. चाळीस वर्षं मी हेच शिकवत आलो. समोर हात, पाय, पाठ काहीही आलं की आधी जागा सांगायची. मग किती आहेत ते. मग आकार, कड, रंग. त्यानंतर डोळे मिटून बोट फिरवायचं. हाताला काहीच लागलं नाही तर तो डाग. लागली तर पुटकुळी. खोल आणि टणक असेल तर गाठ, रुंद आणि चपटा असेल तर चट्टा, पाणी भरलेला असेल तर फोड. हे सगळं सांगून झालं की मग नाव. नाव एकदा तोंडातून गेलं की डोळे बघायचं काम सोडतात. त्यांना वाटतं, झालं, सुटी.

दुसरी गोष्ट, एक सापडलं म्हणून थांबायचं नाही. उरलेलं अंगही बघायचं.

निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी सकाळी मी रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत जात असे. तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. विद्यार्थी तिला मेणघर म्हणत. भिंतींशी काचेची कपाटं आणि कपाटांत मेणाचे नमुने. चेहरे, तळवे, गुडघे, मांड्या. रुग्णाच्या अंगाला तेल लावून त्यावर प्लास्टर थापायचं, साचा सुटला की त्यात रंगवलेलं मेण थराथराने ओतायचं, आणि भुवयांचा केसन् केस सुईने बसवायचा. प्रत्येक नमुना काळ्या लाकडी पाटीवर, भोवती पांढऱ्या कापडाची किनार, खाली नंबर. खोलीत मेणाचा आणि राळेचा वास असे आणि पलीकडून साबणाची ओलसर ऊब येत राही.

हे नमुने करणाऱ्या माणसाला आम्ही मेणकाका म्हणायचो. मेणात काय आणि किती घालतो हे त्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. फार विचारलं तर एवढंच म्हणे, "रंग वरून लावला तर ते चित्र होतं, साहेब. रंग आतून यायला पाहिजे." आता तो नाही. कृती त्याच्याबरोबरच गेली.

शनिवारी जवळच्या शाळेतली आठ-दहा मुलं येत, आणि त्यांच्यात माझी नात. वय दहा. एका जागी म्हणून बसत नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. पहिल्या दिवशी मुलं नाक दाबून दाराशी उभी राहतात. तिसऱ्या शनिवारी 'नऊ नंबरचा गुडघा आज माझा' म्हणून भांडतात. त्यांच्यासाठी मी एक खेळ काढला होता. एकाने नमुना बघून सांगायचं, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून नुसतं ऐकून कागदावर काढायचं. चित्र नमुन्यासारखं आलं तर सांगणारा जिंकला.

या खेळात सतरा नंबर हा माझा सापळा होता.

सतरा नंबर म्हणजे निरोगी त्वचा. तुलनेसाठी एक तरी चांगला नमुना असावा म्हणून केलेली, सात वर्षांच्या मुलीची पाठ. गंमत अशी की आजार बघायला बसलेल्या माणसाला निरोगी पाठीवरही काहीतरी दिसतंच. डॉक्टर होऊ घातलेली मुलंमुलीसुद्धा पुटकुळ्या मोजून दाखवायची. मग मी म्हणायचो, "काही नाही हे दिसायलाही डोळे लागतात, बरं का."

ती पाठ माझ्या लेकीची. एकतीस वर्षांपूर्वी मीच तिला मेणकाकाकडे नेलं होतं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. हे तिला सांगायचं मी विसरलो. पाठ तापायला लागली तशी ती रडायला आणि सुटायला बघू लागली. मी समोरून तिच्या डाव्या खांद्यावर उजवा हात दाबून धरला आणि म्हणत राहिलो, "हलू नकोस. हलू नकोस." प्लास्टर माझ्या बोटांवरूनही गेलं. मेणकाकाने ती बोटं कापून टाकली नाहीत. नमुन्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आजही माझ्या चार बोटांची टोकं आहेत, नखांसकट. मुलं विचारतात, ही कोणाची? मी सांगतो, एका घाईत असलेल्या माणसाची.

एका शनिवारी भिंगरीच्या वाट्याला सतरा नंबर आला.

"जागा?" मी विचारलं.

"पाठ. खांद्याचा उजवा फरा, त्याच्या खालच्या टोकाशी. मणक्यापासून चार बोटं."

"किती?"

"एक."

"पुढे."

"गोल आहे. कड साफ. रंग चहासारखा. मोहरीएवढा." नमुन्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून तिने मी शिकवल्याप्रमाणे बॅटरी आडवी धरली. "सावली पडत नाही. म्हणजे सपाट. म्हणजे डाग."

"अडकली भिंगरी!" मी टाळी वाजवली. "सतरा नंबरने आणखी एक बकरा केला."

मुलांनी वळून बघितलं आणि एकच हसू उसळलं. एक जण म्हणाला, "हिने मनातलंच सांगितलं!"

भिंगरी हसली नाही. "आजोबा, तुम्ही बघा ना."

"मी काय बघू? एकतीस वर्षं बघतोय."

"मग शेवटचं कधी बघितलंत?"

मुलं आणखी हसली. मीही हसलो. शेवटचं कधी बघितलं ते मात्र मला आठवेना.

पुढच्या शनिवारी ती मला अर्धा तास आधीच ओढत घेऊन गेली. मी भिंग काढलं, नाकावर चष्मा नीट केला आणि बघितलं.

डाग होता.

घाण असेल, असं मी म्हणालो. मेणघराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं, कपाट कोणी उघडलं होतं का?

"तुमच्याशिवाय कोण उघडणार, साहेब? मी काच बाहेरून पुसते. आत हात घालायची मला परवानगी नाही आणि हौसही नाही. बघत असतात ती."

"पाठ कुठून बघणार, मावशी? पाठीला काय डोळे असतात?"

"तेच तर. डोळे असतील त्यांचं मी समजू शकते."

मी मऊ कुंचल्याने झटकून बघितलं. मग ओला कापूस, मग जरासं टर्पेंटाइन. कापूस पांढराच्या पांढरा राहिला. भिंगाखाली पुन्हा बघितलं तेव्हा कळलं की रंग पृष्ठभागावर नव्हताच. मेणाच्या पातळ वरच्या थराखाली होता. आतून आलेला.

जुनं मेण आहे, मी स्वतःला सांगितलं. एकतीस वर्षांत आतला रंग फुटून वर आला असेल. हे कारण मला पटलं. तरीही, रुग्णांच्या बाबतीत करायचो तसा, एक पारदर्शक कागद त्यावर धरून मी डागाची कड बारीक पेनाने उतरवून घेतली आणि कोपऱ्यात तारीख घातली. सवय.

पुढच्या शनिवारी दुसरा कागद ठेवला. मग तिसरा. मग चौथा.

चौथ्या शनिवारी मुलं गेल्यावर मी खिडकीच्या काचेवर चारही कागद एकावर एक धरले. पहिल्या कागदावर मोहरी होती. चौथ्यावर मटार मावला असता. कड आता साफ नव्हती. एका बाजूने खाच पडली होती, दुसऱ्या बाजूने जीभ बाहेर निघावी तशी वाढली होती. रंगही एक राहिला नव्हता. चहासारखा होता तो मध्ये काळपट झाला होता आणि एका टोकाला निळसर. बॅटरी आडवी धरली की आता सावली पडत होती.

मेण वितळतं, तडकतं, पिवळं पडतं. वाढत नाही.

अशी पाठ घेऊन कोणी माझ्याकडे आलं असतं, तर मी त्याला त्या दिवशी घरी जाऊ दिलं नसतं. आणि ही पाठ कोणाची होती ते मला माहीत होतं. जिची पाठ, ती माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर, जिवंत होती.

माझी लेक जमीन मोजण्याचं काम करते. दिवसभर उन्हात उभी असते. त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती.

"जरा पाठ दाखव गं," मी म्हणालो.

"का? काय झालं पाठीला?"

"काही नाही. बघायची आहे."

"बाबा, सात वर्षांची असताना एकदा दाखवली होती. अजून गरम लागते." ती हसत म्हणाली, पण नकाशावरून मान वर केली नाही. लहानपणापासून माझ्यासमोर ती अंग झाकूनच वागली होती. घरात काही उठलं, खाजलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायची. मी कधी बोललो नाही.

"सतरा नंबरवर डाग आलाय."

"मग त्याला मलम लावा. मी तुमची पेशंट नाही."

भिंगरीने माझ्या पिशवीतून ते चार कागद काढले आणि आईच्या नकाशावर एकावर एक ठेवले.

लेकीने नजर टाकली. मग चष्मा लावला. हद्दी वाचणं हे तिचं पोटापाण्याचं काम. कागद सरकवून, पुन्हा जुळवून तिने ते दोनदा पाहिले.

"ही हद्द सरकतेय," ती म्हणाली. "किती दिवसांत?"

"एकवीस."

तिने चष्मा काढून नकाशावर ठेवला. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि सदरा वर घेतला.

मी उजव्या फऱ्याखाली बघितलं. मणक्यापासून चार बोटं. पाठ नितळ होती. उन्हाने मानेजवळ रापलेली, खाली गोरी, आणि नितळ. मी मागच्या खुर्चीत बसलो.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो. "काही नाही. घाल सदरा."

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "तुम्ही जागा नाही सांगितली. किती ते नाही सांगितलं. एकदम नावच सांगितलंत."

लेक सदरा खाली ओढता ओढता थांबली. "आणि चार बोटं कोणाच्या मापाने, बाबा? सात वर्षांच्या पाठीवरची चार बोटं आता कुठे गेली असतील? पाठ किती पट वाढली ते काढा."

तिनेच मापाची पट्टी दिली. मेणाच्या पाठीची रुंदी माझ्या वहीत होती. लेकीने पाठमोरीच, तोंडी हिशेब करून आकडा सांगितला. भिंगरीने मणक्यापासून पट्टी लावली, त्या आकड्यावर भिंग धरलं आणि म्हणाली, "आहे."

मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ बाहेरच्या बाजूला, सुईचं टोक टेकवावं एवढा एक ठिपका होता. मोहरीसुद्धा नव्हे.

"गोल," भिंगरी सांगू लागली. "कड साफ. रंग चहासारखा. सपाट."

आमच्या विभागाची प्रमुख एके काळी माझी विद्यार्थिनी होती. तिने ठिपका बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"सर, हा तीळ आहे. असा तीळ काढायला मी पेशंट पाठवला असता तर तुम्ही मला वर्गाबाहेर घालवलं असतं."

"घालवलं असतं. तरी काढ."

"कारण काय लिहू?"

"बापाचा हट्ट, असं लिही."

म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. पण काढला. दोन टाके पडले. लेक बाहेर येऊन म्हणाली, "गरम नाही लागलं."

दहा दिवसांनी अहवाल आला. माझ्या त्या विद्यार्थिनीने स्वतः फोन केला. "सर, कसं कळलं तुम्हाला?"

"नातीने बघितलं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मग तिने नाव सांगितलं. तिळासारखा दिसत सुरू होणारा तो कर्करोग. अगदी वरच्या थरात होता, खाली उतरलेला नव्हता, कडा सगळ्या स्वच्छ निघाल्या. आता कसलेच उपचार नकोत. पण आणखी वर्षभर तो तिथेच राहिला असता तर, असं म्हणून ती थांबली. पुढचं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अहवालानंतरच्या शनिवारी मुलांना सुटी होती. लेक म्हणाली, मीही येते. एकतीस वर्षांत तिने मेणघरात पाऊल ठेवलं नव्हतं. मावशींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या बाहेर गेल्या; मी कपाट उघडून सतरा नंबर टेबलावर ठेवला.

डाग नव्हता. मी भिंग लावून, बॅटरी आडवी धरून बघितलं. ना टाक्याची खूण, ना रंगाची छटा. मेण पहिल्यासारखं होतं.

लेक बराच वेळ स्वतःच्या पाठीसमोर उभी राहिली.

"केवढीशी होते मी," ती म्हणाली. मग वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि ही तुमची बोटं. किती घट्ट धरलं होतंत. बघा, कातडी दबलीय."

"चूक झाली माझी. गरम होतं हे आधी सांगायला हवं होतं."

"आता सांगितलंत ना," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला हात लावला.

पलीकडे धुलाईखान्यात कोणीतरी पाण्याचा नळ सोडला. मला फार हलकं वाटत होतं. कपाटाची किल्ली घेऊन मी नमुना उचलणार, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "थांबा. मी अजून सांगितलं नाही."

"काय सांगायचंय? काही नाहीये आता."

"तुम्हीच म्हणता ना, एक बघून थांबायचं नाही."

ती टेबलावर वाकली. भिंग पाठीवरून हळूहळू वर नेलं, मानेपर्यंत. मग डावीकडे. तिथे ते थांबलं.

"जागा?" मी विचारलं. सवयीने.

"डावा खांदा. त्यावरची बोटं. त्यातलं पहिलं, मानेकडचं. नख."

इतके शनिवार आम्ही त्या एका डागाच्या कडा मोजत होतो. बोटांकडे कोणी बघितलं नव्हतं.

"किती?"

"एक."

"पुढे सांग."

"रेघ आहे. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत. सरळ. रंग काळपट. मुळाशी रुंद, टोकाकडे बारीक होत गेलीय." तिने बॅटरी आडवी केली. "आणि रंग नखातच थांबलेला नाही. मागच्या कातडीवरही उतरलाय."

लेकीने माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या कोटाच्या खिशाकडे. उजवा हात मी खिशात कधी घातला ते मला कळलं नव्हतं.

"तेच नाव सांगू का?" भिंगरीने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "नाव शेवटी."

तिने माझा हात खिशातून बाहेर काढला आणि सतरा नंबरच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात ठेवला. अंगठ्याशेजारचं बोट सरळ केलं. मी बघितलं. नख मला रोजच्यासारखंच दिसत होतं. स्वच्छ, हा शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला.

भिंगरीने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट.

"आजोबा, हलू नका."

आणि नखाच्या अगदी मुळाशी भिंग धरून ती खाली वाकली, आणि जागा सांगू लागली.